कवडशातला सूर्य

शाळेला सुट्टी, बाहेर रणरणतं ऊन आणि मोबाइल आईने कपाटात ठेवलेला. झकास! याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही. या रे सगळे इकडे. पडवीच्या पत्र्याचा एक खिळा निसटलाय बघा, तिथून जमिनीवर काय पडलंय?

“कवडसा!”

बरोबर. आता शिडीवर न चढता, इथूनच ते भोक नीट बघा. गंजून वेडंवाकडं झालंय, एक कडा तर फाटलीय. मग कवडसा असा वाटोळा कसा? आंब्याखाली जा. पानांच्या फटी कुठे त्रिकोणी, कुठे चिरेसारख्या. खाली मात्र गोल-गोल ठिपक्यांचा सडा. जरा लांबट दिसतील, कारण ऊन तिरपं येतंय. पुठ्ठा उन्हाच्या समोर धरा, लगेच गोल होतील.

पत्रा नसलेल्या घरातल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. दाढीचा छोटा आरसा घ्या, त्यावर जाड कागद चिकटवा आणि कागदाला मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं त्रिकोणी भोक पाडा. आरसा खिडकीतल्या उन्हात ठेवून उजेड घरात घ्या. एक ताकीद मात्र आहे: सूर्याकडे थेट बघायचं नाही आणि आरशाचा झोत कुणाच्या डोळ्यांत मारायचा नाही. ज्याने मारला त्याचा आरसा माझ्याकडे जमा.

आता झोतासमोर वीतभर अंतरावर तळहात धरा. हातावर त्रिकोण दिसतो ना? हळूहळू मागे सरका. कोपरे बोथट व्हायला लागले. आणखी मागे. पार आतल्या खोलीच्या भिंतीपर्यंत गेलात की त्रिकोण गायब आणि भिंतीवर गरगरीत चकती! भोक त्रिकोणीच आहे, कुणी बदललेलं नाही.

गंमत अशी की सूर्य म्हणजे टिंब नव्हे, आकाशातली ती एक तबकडी आहे. तबकडीच्या प्रत्येक भागाचा उजेड त्या भोकातून आपापल्या दिशेने आत येतो आणि भिंतीवर आपला एक चिमुकला त्रिकोण पाडतो. असे अगणित त्रिकोण. जवळच्या हातावर ते एकमेकांच्या डोक्यावर बसतात, म्हणून एकच त्रिकोण दिसतो. लांबच्या भिंतीवर ते पांगतात, आणि पांगून जो आकार धरतात तो तबकडीचा असतो. म्हणजे भिंतीवर दिसतंय ते भोकाचं चित्र नाही, सूर्याचं आहे. आंब्याखाली सांडलेत तेही सगळे सूर्यच.

पत्र्याच्या कवडशात हे चित्र उलटं पडतं, कारण वरचा किरण खाली जातो आणि डावीकडचा उजवीकडे. सूर्यावरून ढगाचा तुकडा सरकताना कवडशाकडे लक्ष ठेवा. ढग जाईल त्याच्या उलट दिशेने सावली सरकेल. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात याच न्यायाने एका अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. आणि जयपूरच्या जंतरमंतरमध्ये सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात चक्क कवडशासाठी अंधारी दालनं बांधून घेतली. षष्ठांश यंत्र म्हणतात त्याला. भर मध्यान्ही छतालगतच्या बारीक भोकातून सूर्याची चकती खालच्या कमानदार पट्टीवर उतरते आणि सूर्य किती उंचीवर आहे ते नेमकं वाचता येतं. आपलं पत्र्याचं भोक त्याच जातकुळीतलं.

आता खडू आणा. जमिनीवरच्या कवडशाभोवती कडेकडेने रेघ मारा आणि घड्याळ बघत बसा. हो, नुसतं बसायचं. गोष्ट ऐकताना हलत नाही, मग आता कशाला चुळबुळ? दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ गेला की कवडसा आपल्या रेघेतून पूर्ण बाहेर पडलेला असेल. म्हणजे सूर्य आकाशात स्वतःच्या रुंदीइतका सरकला. सरकली खरं तर आपली पृथ्वी, आपल्या पडवीसकट. या हिशेबाने आकाशाच्या पूर्ण गोल फेरीत कडेला कडा लावून पावणेसातशेच्या आसपास सूर्य मावतील.

मोठ्यांसाठी आणखी एक काम. आरशापासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा, मग चकतीची रुंदी पट्टीने मोजा आणि तीतून भोकाची रुंदी वजा करा. अंतर दहा मीटर असेल तर साधारण सव्वानऊ सेंटिमीटर येईल. चकतीची कडा धूसर असते, त्यामुळे मोजताना भांडणं होणार. तिघांनी वेगवेगळं मोजा आणि सरासरी काढा. अंतराला रुंदीने भागलं की उत्तर 107 च्या जवळपास. घर कुठलंही असो, भिंत कितीही लांब असो, आकडा तोच. सूर्य आपल्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटरवर आहे. हे अंतरही सूर्याच्या रुंदीच्या तेवढ्याच पट असतं, तेव्हा त्याला 107 ने भागा बघू.

“चौदा लाख!”

शाब्बास. चौदा लाख किलोमीटर हा सूर्याचा व्यास झाला. पुस्तकात 13 लाख 92 हजारांच्या आसपास दिलाय. दाढीच्या आरशाने आणि शिवणाच्या टेपने याहून जास्त काय करावं?

2020 साली शाळा बंद पडल्या होत्या, तेव्हा 21 जूनला सूर्यग्रहण होतं. राजस्थान, हरियाणा, उत्तराखंडच्या काही भागांत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. त्या वेळी जिथे ढग बाजूला होते तिथे झाडाखालचे गोल ठिपके कोरीसारखे झाले, कारण सूर्यच खाल्लेला होता, मग त्याची चित्रं पूर्ण कशी पडतील? पुढची संधी 2 ऑगस्ट 2027 ला. इजिप्तमधल्या लक्सरला खग्रास, मुंबई-पुण्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास. ऑगस्टच्या पावसाचा भरवसा नाही, पण आरसा तयार ठेवा. तो सोमवार आहे आणि शाळा असणार, तेव्हा बाईंना आधीच सांगून ठेवा.