सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत, पायी

मधुमेहाचे निदान झाले की डॉक्टर गोळ्यांबरोबर रोज चालायला सांगतात. पण घरात कोणीतरी म्हणते, "साडेसाती संपली की आपोआप बरे वाटेल." मग चालणे राहते, गोळ्याही चुकतात. वाकोल्यातल्या मित्रमंडळींनी एक रविवार काढला तर पाय मोकळे होतील आणि शनीची भीतीही जाईल.

सांताक्रूझहून धीम्या लोकलने बोरिवली गाठावी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दारापासून कान्हेरी लेणी सुमारे ६ किलोमीटरवर आहेत. या रस्त्यावर सूर्यमाला मांडता येते. सूर्य ते पृथ्वी हे १५ कोटी किलोमीटरचे अंतर २०० मीटर, म्हणजे साधारण ३०० पावले, धरा. मग दाराशी सूर्य, माणसापेक्षा थोडा उंच गोळा. ३०० पावलांवर पृथ्वी, खेळातल्या गोटीएवढी. १ किलोमीटरवर गुरू, जवळजवळ २ किलोमीटरवर शनी, पावणेचारच्या पुढे युरेनस आणि लेण्यांपाशी नेपच्यून. मुलांच्या हाती ग्रहांच्या नावांच्या पाट्या द्याव्यात. प्रत्येक ग्रहाशी थांबून सर्वांनी पाणी प्यावे.

शनीपाशी थोडा हिशोब करा. शनीला सूर्याभोवती फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी १२, म्हणून एका राशीत तो अडीच वर्षे दिसतो. अशा तीन राशी मिळून साडेसाती. याचा अर्थ कोणत्याही दिवशी १२ पैकी ३ राशींना, म्हणजे साधारण दर चौथ्या माणसाला, साडेसाती असतेच. रक्तातली साखर मात्र आहार, व्यायाम, औषध आणि आनुवंशिकता यांवर चालते. शनी तिथे कुठेच नाही.

ग्रहताऱ्यांवरून भविष्य सांगून पोट भरणे तथागतांनी त्याज्य ठरवले. ब्रह्मजाल सुत्तात ते आले आहे. चालण्याचे मात्र त्यांनी पाच लाभ सांगितले. अंगुत्तर निकायातल्या चंकम सुत्तानुसार प्रवासाची ताकद येते, प्रयत्नांचे बळ वाढते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चंक्रमणातून मिळालेली एकाग्रता टिकते. आज जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. कान्हेरीचा एकेरी रस्ता साधारण दीड तासाचा, म्हणजे जाऊन-येऊन तेवढा व्यायाम एका दिवसात होतो. पण आठवड्याचे इतर दिवसही चालायला हवेच.

निघताना एवढे लक्षात ठेवा:

• सोमवारी उद्यान बंद असते.
• प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी आणि पायात बसणारे बूट घ्यावेत.
• मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घरी आल्यावर तळपाय तपासावेत.
• हृदयविकार किंवा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, घेरी आली तर तिथेच थांबून मदत मागावी.
• माकडांना खायला घालू नये. जंगलात बिबटे आहेत, म्हणून अंधारापूर्वी परतावे.

आणि सोमवारी सकाळची गोळी वेळेवर घ्यावी.