लग्न नवरीशी, जीव मेहुण्यावर

विनू आखातात नोकरीला आहे. गावी त्याचं लग्न ठरलंय, तारीख निघालीय आणि तो सतत फोनवर आहे. मुलीशी नव्हे, मुलीच्या भावाशी. आनंदन हा होणारा मेहुणाच त्याचा सल्लागार, गुरू आणि जिवाभावाचा सखा. पाच वर्षांपूर्वीचा प्रेमभंग विनूच्या डोक्यातून जात नाही, तर त्यावर फुंकर घालायलाही मेहुणाच. नवरी अंजलीचं या सगळ्याबद्दल काय म्हणणं आहे, हे विचारायला कुणाला सवड नाही.

मे 2024 मध्ये आलेल्या ‘गुरुवायूर अंबलनडयिल’ या मल्याळम चित्रपटाची ही सुरुवात. दिग्दर्शक विपिन दास, लेखक दीपू प्रदीप. विनूच्या भूमिकेत बेसिल जोसेफ, आनंदनच्या भूमिकेत पृथ्वीराज सुकुमारन. सिनेमा लग्नाचा आहे, विनोदी आहे, प्रेमाचाही आहे. फक्त त्यातली खरी प्रेमकथा या दोन मेहुण्यांची आहे. भेटीची ओढ, रुसवा, संशय, ताटातूट, सूड, जे जे नायक-नायिकेच्या वाट्याला यायचं ते सगळं यांच्या वाट्याला आलंय.

आनंदनचं स्वतःच्या बायकोशी, पार्वतीशी पटत नाही. ती माहेरी आहे. विनू फोनवरून त्याची समजूत घालतो, मोडलेला संसार जुळवून देतो. मग सुट्टी घेऊन तो गावी येतो आणि मेहुण्याच्या घरात त्याला दिसते ती पार्वती, पाच वर्षं जिच्या आठवणीत तो झुरतोय तीच. आपणच आपल्या हातांनी तिला परत या घरात आणून बसवलंय! इथून पुढे आधी नवरदेव लग्न मोडायला बघतो, मग नवरीचा भाऊ. दोघांचं एकाच वेळी एकमत मात्र होत नाही, त्यामुळे लग्न काही मोडत नाही आणि गोंधळ वाढत जातो. ‘मोरूची मावशी’ किंवा ‘अशी ही बनवाबनवी’ पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हे गणित समजावून सांगायला नको. एक थाप, ती झाकायला दुसरी, आणि शेवटी सगळी पात्रं एका जागी.

ती जागा कुठली, यात या चित्रपटाची खरी हुशारी आहे. अंबलनड म्हणजे देवळाचं दार, त्यापुढची जागा. त्रिशूर जिल्ह्यातलं गुरुवायूरचं श्रीकृष्ण मंदिर हे केरळातल्या हिंदू लग्नांचं सर्वांत लाडकं ठिकाण. लग्न देवळाच्या आत लागत नाही, बाहेर पूर्वेच्या दारासमोरच्या मंडपात लागतं. आपल्याकडे मंगलाष्टकांना ऐन वेळी एखादे काका दोन कडवी वाढवतात, मग सप्तपदी, मग जेवणाच्या पंगती, असा दिवस जातो. गुरुवायूरला नादस्वरम वाजतं, नवरा ताली म्हणजे मंगळसूत्र बांधतो, माळा घातल्या जातात आणि काही मिनिटांत जोडपं खाली उतरतं, कारण पुढचं जोडपं पायरीशी उभं असतं. मंडपात ठरावीक माणसांनाच सोडतात. बाकीचे वऱ्हाडी बाहेरच्या गर्दीत टाचा उंचावून आपला नवरदेव कोणता ते शोधतात. मल्याळी पंचांगातल्या चिंगम महिन्यात तर झुंबड असते. सप्टेंबर 2024 मधल्या एका रविवारी तिथे साडेतीनशेच्या आसपास लग्नं नोंदवली गेली होती.

फार्सला एरवी दारं लागतात. एक उघडतं, दुसरं आपटतं, कुणीतरी पलंगाखाली लपतं. इथे दार नाही, भिंत नाही, आहे ती फक्त रांग. नंबर गेला की मुहूर्त गेला, त्यामुळे घड्याळ आपोआप चालू होतं. आणि मंडप चव्हाट्यावर असल्यानं कुणीही, कुठूनही येऊन टपकू शकतो. शेवटचा धुमाकूळ या दोन गोष्टींवर उभा आहे, आणि तो झकास जमलाय. मधला भाग मात्र ताणलेला वाटतो. पात्रं इतकी वाढवलीत की कोण कुणाचा कोण, हे कळेपर्यंत विनोद पुढे निघून गेलेला असतो. योगी बाबूसारख्या तमिळ नटाला मल्याळममध्ये पहिल्यांदाच आणलं, तेही या गर्दीत हरवल्यासारखं.

शीर्षकाला आणखी एक अस्तर आहे. 1970 च्या ‘ओदेनंते मकन’ या चित्रपटातलं एक गाणं याच शब्दांनी सुरू होतं. गीत वायलार रामवर्मांचं, चाल देवराजन मास्तरांची, आवाज येशुदासांचा. देवराजन उघड नास्तिक. येशुदास जन्मानं ख्रिस्ती. गुरुवायूरप्पनची, म्हणजे तिथल्या श्रीकृष्णाची, असंख्य भक्तिगीतं त्यांनी गायली, पण अहिंदूंना प्रवेश नसल्यानं या देवळाची पायरी त्यांना चढता आलेली नाही. पूर्वी तर जातीमुळे अनेक हिंदूंनाही ती बंद होती. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 मध्ये सुरू झाला, गुरुवायूरचा 1 नोव्हेंबर 1931 ला. तिथे के. केळप्पन उपोषणाला बसले, ए. के. गोपालन स्वयंसेवकांचे पुढारी होते, घंटा वाजवली म्हणून पी. कृष्ण पिळ्ळैंनी मार खाल्ला. दार उघडलं ते 1947 मध्ये. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचं दार उघडलं, तेही त्याच वर्षी. चित्रपटाला या इतिहासाशी काही देणंघेणं नाही आणि फार्सनं ते ओझं उचलावं अशी अपेक्षाही नाही. पण देवळाच्या दारात उभं राहून आत जायला मिळेल का, ही धाकधूक शीर्षकाच्या त्या शब्दांत आधीपासून आहे, आणि विनूची अडचण थेट तीच आहे.

विनूचं आखातात असणंही नुसतं सोयीसाठी नाही. 2023 च्या केरळ स्थलांतर सर्वेक्षणानुसार सुमारे 22 लाख मल्याळी परदेशात आहेत, त्यातले बहुसंख्य आखातात. सुट्टी मोजून मिळते. तेवढ्यात मुलगी बघायची, साखरपुडा, लग्न, सगळं उरकायचं. मग मुलीपेक्षा तिच्या घरच्यांशीच आधी सूत जुळलं, तर त्यात नवल ते काय? याच पृथ्वीराजचा ‘आडुजीवितम’ त्याआधी दोनच महिने आला होता. आखाती वाळवंटात गुलामासारखं राबावं लागलेल्या माणसाची ती गोष्ट. त्यासाठी हाडांचा सापळा झालेला नट इथे मुंडू नेसून मेहुण्याच्या मागे धावतो, हे पाहतानाच अर्धं हसू येतं. त्याचं गुरुवायूरशी नातंही जुनं आहे. 2002 च्या ‘नंदनम’मध्ये नवखा पृथ्वीराज गुरुवायूरप्पनच्या भक्त मुलीचा प्रियकर होता.

तक्रार आहे ती अंजली आणि पार्वतीबद्दल. अनस्वरा राजन आणि निखिला विमल दोघीही कसलेल्या, पण पटकथा त्यांना पुरुषांच्या भांडणातलं निमित्त एवढंच ठेवते. पार्वतीच्या भूतकाळावरून दोन पुरुष जिवाचा आटापिटा करतात, तिला त्याबद्दल काय वाटतं हे विचारायला कुणी थांबत नाही. हे जास्त खटकतं, कारण विपिन दासनंच 2022 मध्ये ‘जय जय जय जय हे’ केला होता. त्यातही बेसिल जोसेफच नवरा होता, बायकोवर हात टाकणारा. आणि दर्शना राजेंद्रननं साकारलेली बायको त्याला लाथेनं उत्तर देत होती. लग्नाच्या विनोदात बाईला मध्यभागी कसं ठेवायचं, हे या दिग्दर्शकाला ठाऊक नाही असं म्हणताच येत नाही.

तेवढ्यासाठी सेन्ना हेगडे यांचा ‘तिंकलाळ्च निश्चयम’ (2021) बघावा. कासरगोड जिल्ह्यातलं कान्हनगाड, ‘कुवेत’ विजयन नावाचा आखातातून परतलेला बाप, आणि सोमवारी ठरलेला धाकट्या मुलीचा साखरपुडा. मोठीनं मनाप्रमाणे लग्न केलं, त्याचा राग बापाच्या मनात अजून आहे. मांडववाला, स्वयंपाकी, उसनवारी, पावणेरावळे, नाकावर टिच्चून पळून जायच्या बेतात असलेली मुलगी. सगळं त्या एका घरात आणि अंगणात. तारे नाहीत, बरेचसे नट त्याच भागातले, बोलीही तिथलीच. सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. हसण्याचा गडगडाट ‘गुरुवायूर’ला जास्त होतो हे खरं, पण विजयनच्या घरात प्रत्येक बाईला स्वतःचं मत आहे, आणि ते ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं ऐकवतेही.