आधी आजीला विचारा!

पनवेलहून नेऱ्याला गेलात की शांतिवन लागतं. कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेत वृद्धाश्रमही आहे. पण नुसतं ‘वृद्धाश्रम’ म्हटलं, तरी आजी-आजोबांचा चेहरा उतरतो. का बरं?

त्यांच्या लहानपणी आजारी माणसाचं सगळं घरचेच करायचे. म्हणून परक्याची सेवा म्हणजे ‘आता आपण नकोसे झालो’, असं त्यांना वाटतं. वृद्धाश्रमच कशाला, घरी मदतीला बाई आली तरी तेच!

माझी आजी पडली, तेव्हा आम्ही तिला न विचारताच मावशी ठेवल्या. आजीने दोन दिवस त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. खरं तर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, हे आमच्यापेक्षा मावशींनाच नीट ठाऊक होतं. शेवटी मी आजीलाच विचारलं. ती म्हणाली, “अंघोळ त्या घालू देत. वेणी मात्र तू घाल.”

२००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांना बंधनकारक केलाय. पण माया काही कायद्याने मिळत नाही. तेव्हा मदतीला माणूस जरूर ठेवा. फक्त आधी आजीला विचारा आणि तिचं एक काम स्वतःकडे ठेवा. सांगा पाहू, तुम्ही कोणतं ठेवाल?