बाप्तिस्म्याआधीचं वर्ष

साताऱ्याच्या माणदेशात, दहिवडीच्या किंवा म्हसवडच्या एखाद्या मोठ्या माणसाच्या मनात आलं की आपण कॅथलिक व्हावं, तर चर्चमध्ये त्याला पहिल्यांदा ऐकायला मिळतं ते ‘थांबा’. धर्मांतर म्हटलं की आपल्यासमोर डोक्यावर पाणी, नवं नाव आणि गावात उठलेला गलबला एवढंच येतं. कॅथलिक चर्चचे स्वतःचे नियम वाचले तर पाणी अगदी शेवटी येतं. त्याआधीचा काळ लांब असतो आणि तो मुद्दाम लांब ठेवलेला आहे.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे 1886 साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतात. मात्र या भागातलं जुनं मिशनकार्य बहुतांशी प्रोटेस्टंटांचं. साताऱ्यात आणि वाईत अमेरिकन मराठी मिशन, मिरजेला प्रेस्बिटेरियन डॉक्टर वॉनलेस यांचं हॉस्पिटल. त्यामुळे इथला एखादा माणूस आधीच ख्रिस्ती कुटुंबातला असू शकतो. तसा असेल तर त्याचा पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. आधीचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने झाला असेल तर कॅथलिक चर्च तो मानतं. त्याने श्रद्धा जाहीर करायची, मग त्याला दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे संस्कार मिळतात.

ख्रिस्ती नसलेल्याची वाट वेगळी. सुरुवातीला नुसतं येणं-जाणं, शंका विचारणं. मग एका छोट्या विधीत कपाळावर क्रूसाची खूण करून त्याला दीक्षार्थी म्हणून स्वीकारतात. त्यानंतर शिक्षण सुरू होतं : बायबल, प्रार्थना, दहा आज्ञा आणि रोजचं वागणं. हा काळ बहुधा वर्षभराचा, गरज पडली तर कित्येक वर्षांचा. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशप निवड जाहीर करतात, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी आत्मपरीक्षणाचे विधी होतात आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद असे तिन्ही संस्कार एकाच उपासनेत मिळतात. सोबत धर्मपिता किंवा धर्ममाता लागते, तीही सोळा वर्षं पूर्ण झालेली.

ही रचना पहिल्या काही शतकांतल्या चर्चची. पुढे ती मोडीत निघाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली ती पुन्हा आणायचं ठरवलं आणि 1972 साली तिचा विधिग्रंथ निघाला. मधल्या काळात काय होत होतं, ते गोव्यात दिसतं. 1579 साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते 1616 साली छापलं गेलं. ते लिहिलं होतं गोव्यातल्या साष्टी भागातल्या, आधीच बाप्तिस्मा झालेल्या लोकांसाठी. जुनी पुराणं सुटली, आता वाचायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे संस्कार आधी, समज मागाहून. आजचा नियम बरोबर उलटा आहे, आणि माझ्या मते तोच प्रामाणिक आहे.

लग्नासाठी म्हणून विचारणारेही असतात. माणचा मुलगा मुंबईत नोकरीला, तिथे ओळख झाली, मुलगी कॅथलिक. घरी सगळे धरून चालतात की आता याला बाटवणार. चर्चच्या नियमात तशी अट नाही. बिशपची सूट घेऊन ख्रिस्ती नसलेल्याशीही चर्चमध्ये लग्न लागतं. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते करीन, असं वचन कॅथलिक जोडीदार देतो आणि दुसऱ्याला त्याची कल्पना दिली जाते. जबरदस्तीने कुणाला श्रद्धा स्वीकारायला लावू नये, हे तर चर्चच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात नातेवाइकांचा दबाव दोन्हीकडून असतो, तो कुठल्या कायद्याला जुमानत नाही.

कागदाची बाजू मात्र जड आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता होता. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून याच माणदेशात ज्याने बुद्धाला शरण जायचं ठरवलं त्याचा दाखला टिकतो, चर्चमध्ये गेलेल्याचा टिकत नाही. थांबण्याचंच म्हणाल तर बाबासाहेब आंबेडकरही थांबले होते. 1935 साली येवल्यात घोषणा, 1956 साली नागपुरात दीक्षा, मध्ये एकवीस वर्षं.

प्रौढपणी ख्रिस्ती झालेल्यांत मराठीतलं सर्वांत मोठं नाव रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. ते कॅथलिक झाले नाहीत. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियनाने त्यांना नवा करार दिला. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला तो 1900 साली, त्याही स्वतःच्या चालीने आणि स्वतःच्या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर. आपल्या विषयाला जवळचं आहे ते टिळकांचं शेवटचं पर्व. 1917 साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात आले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. आपली माणसं, आपली भाषा, आपलं कीर्तन सोडायला न लावता ख्रिस्ताकडे जाता येतं का, हा त्यांचा सवाल होता. 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही.

कॅथलिक चर्च बाप्तिस्मा ऐच्छिक मानत नाही, तेवढ्यापुरतं ते टिळकांच्या विरुद्ध बाजूला उभं आहे. पण उंबरठ्यावरच्या माणसाला ते परकंही मानत नाही. दीक्षार्थी चर्चशी आधीच जोडला गेलेला असतो, असं चर्चच्या कायद्याचं म्हणणं. त्या वर्षभरात, पाणी मिळण्याआधीच तो वारला, तर अंत्यविधीपुरतं चर्च त्याला आपल्या माणसांतच मोजतं आणि त्याला ख्रिस्ती पद्धतीने पुरतं.