सागरी सुरक्षा आणि माहितीचे एकत्रीकरण : गिरीज परिसराच्या संदर्भात

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून समुद्रमार्गे आले. हल्ल्यापूर्वीच्या सूचना निरनिराळ्या यंत्रणांकडे होत्या. त्यांची सांगड वेळीच घातली गेली नाही. पुढे किनाऱ्यावर रडारची साखळी उभारण्यात आली आणि नौदल व तटरक्षक दलाची ५१ केंद्रे जोडणारे विश्लेषण केंद्र नोव्हेंबर २०१४ मध्ये गुरुग्राम येथे सुरू झाले.

रडारला नौका दिसते. ती कोणाची, हे कळत नाही. मोठी जहाजे स्वयंचलित ओळखयंत्रणेद्वारे आपले नाव कळवितात, वसई किनाऱ्यावरील लहान नौकांना ती सोय बहुधा नसते. त्यांची ओळख मत्स्यव्यवसाय विभागाच्या नोंदवहीत असते, तर संशयितांची पोलिसांच्या दप्तरात. त्यातच किनाऱ्यालगतचे गिरीज गाव २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात आणि २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आले. जुन्या-नव्या नोंदींचे संकेतांक जुळविले नाहीत, तर एकच व्यक्ती दोन दप्तरांत दोन भासू शकते. मग खातरजमा दूरध्वनीवरूनच करावी लागते आणि तोवर निरपराध मच्छीमारही अडकून पडतो.