स्मरणातील प्रत आणि मूळ नोंद

छत्रपती संभाजीनगरातील हर्सूल तलावाचे पाणी शहराच्या काही भागांना पुरविले जाते. तेथील घरांत तांब्याभर पाण्यासाठी कोणी तलाव गाठीत नाही. नळाला पाणी आले की टाकी भरून ठेवतात आणि दिवसभराची गरज भागवितात. संगणकाद्वारे दिल्या जाणाऱ्या लोकसेवांतही अशीच व्यवस्था उपयोगी पडते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली अमलात आला. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर नोंदणी करून नागरिकांना आता विविध दाखल्यांसाठी अर्ज करता येतो. अशी संकेतस्थळे ज्या एचटीटीपी पद्धतीने चालतात, तिला स्वतःचे स्मरण नसते. लागोपाठ उघडलेली दोन पाने एकाच व्यक्तीने मागितली, हे तिला कळत नाही. म्हणून लॉगिन होताच सर्व्हर ‘सेशन’ उघडतो आणि त्याचा खूणक्रमांक कुकीच्या रूपाने ब्राउझरकडे सोपवितो. ही कुकी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी प्रथम योजिली.

वापरकर्त्याचे नाव, भाषा, अधिकार इत्यादी तपशील डेटाबेसमधून एकदाच वाचून त्यांची प्रत सेशनच्या स्मरणात ठेवता येते. त्यामुळे प्रत्येक पानासाठी डेटाबेसला विचारावे लागत नाही आणि दाखल्यांच्या गर्दीच्या दिवसांतही काम वेगाने होते.

तथापि प्रत ही प्रतच होय. समजा, एखाद्या कर्मचाऱ्याची बदली झाली आणि मूळ नोंदीतून त्याचा मंजुरीचा अधिकार काढण्यात आला. त्याचे सेशन चालू असेल, तर स्मरणातील प्रतीत तो अधिकार तसाच राहतो आणि अधिकार नसताना दाखला मंजूर होऊ शकतो. यास्तव नाव, भाषा यांसारखे तपशील प्रतीतून घ्यावेत. मंजुरीच्या क्षणी मात्र अधिकार मूळ नोंदीतूनच पडताळावा. नोंद बदलताच जुनी प्रत रद्द व्हावी, सेशनला कालमर्यादा असावी आणि पासवर्ड त्यात कधीही ठेवू नये.

शाळा व ग्रामपंचायतींत एकच संगणक अनेकजण वापरतात. तेथे काम संपताच लॉगआउट करणे अगत्याचे आहे. अन्यथा पुढील व्यक्तीस आधीच्याच्या नावाने काम करता येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी आहे. सेवा सत्वर मिळावी, हा नागरिकांचा हक्क आहे. ती अचूक नोंदीवर आधारलेली असावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.