सायकलची नळी जोडाशेजारीच का मोडते?

सायकलचा सांगाडा मोडला तर तो नेमका कुठे मोडतो? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक मुले 'जोडात' असे सांगतील. उत्तर तर्काला धरून आहे, पण मोडके सांगाडे जवळून पाहिले तर भेग सहसा जोडात सापडत नाही. ती जोडाच्या कडेला, नळीवर असते.

माझ्या जुन्या सायकलची हँडलकडून पेडलकडे येणारी नळी अशीच तडकली. रस्त्याकडेच्या एका दुकानातून ती विजेच्या वेल्डिंगने जोडून घेतली. जोड चांगला जाडजूड दिसत होता. दोन महिन्यांनी नळी पुन्हा तडकली, त्या जाड जोडाला अगदी लागून. मग वसईतल्या एका परिचितांकडे गेलो. वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत त्यांनी फिटर म्हणून आयुष्य काढले. आता घराच्या पडवीत, ज्याच्या त्याच्या मापाचे सायकलचे पोलादी सांगाडे ते हौसेने बनवतात. सामान म्हणाल तर एक शेगडा, पाचसहा कानशी, गॅसची दोन नळकांडी आणि ओट्यातून उरलेली ग्रॅनाइटची लादी. सायकल पाहून ते म्हणाले, "सर, जोड मजबूत केलात, पण शेजारची नळी मारलीत."

या एका वाक्यात धातुशास्त्राचा एक धडा आहे.

साध्या सायकलची नळी थंड स्थितीत ओढून तयार केलेली असते. या ओढण्यामुळे पोलादाच्या स्फटिकांची रचना विस्कटते आणि धातू कणखर होतो. तार वारंवार वाकवली की ती ताठर होते, त्याच जातीचा हा प्रकार. पण नळी लालभडक तापली की स्फटिक नव्याने जुळतात, मोठे होतात आणि ही कमावलेली ताकद निघून जाते. विजेच्या वेल्डिंगमध्ये पोलाद स्वतःच वितळते, म्हणजे तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. जोडालगतचा पट्टा त्यामुळे मऊ पडतो. क्रोमियम व मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादात याच्या उलट घडू शकते. भोवतालची थंड नळी उष्णता झटकन ओढून घेते आणि त्या पट्ट्याला न मागता 'पाणी चढते'. तो कठीण होतो, पण ठिसूळही होतो. शिवाय जाड जोड जिथे एकदम संपतो, तिथेच सारा ताण एकवटतो. दुबळी जागा आणि जास्त ताण एकाच ठिकाणी आले की काय होणार?

आता हा ताण किती वेळा येतो तेही मोजू. पेडलचे मिनिटाला ६० फेरे धरले आणि रोज अर्धा तास सायकल चालवली, तर दिवसाला १८०० फेरे होतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ५ लाख ४० हजार, आणि प्रत्येक फेऱ्यात दोन पाय आहेत! धातू एका झटक्याने मोडत नाही, तो थकतो. पोलादाचा एक मोठा गुण असा की ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते व्यवहारात थकतच नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. मात्र गंज चढू लागला की पोलादही हा गुण गमावते. वसईसारख्या खाऱ्या हवेच्या गावात ही गोष्ट विसरून चालत नाही.

मग जोडावे कसे? फिटरकाकांची पद्धत जुनीच आहे: पितळेचा डाख. यात पोलाद वितळवायचेच नाही. साठ भाग तांबे व चाळीस भाग जस्त असलेले पितळ ९०० अंशांच्या सुमारास वितळते. नळीवर टाकणखाराचा लेप देतात. तो वितळून लोखंडाचा ऑक्साइड विरघळवतो आणि हवेला आत येऊ देत नाही. नळीचे टोक 'लग' नावाच्या पोलादी बाहीत बसते आणि दोहोंमध्ये सुमारे एक दशांश मिलिमीटर फट राहते. ज्योत पितळेवर नव्हे, नळीवर धरायची. नळी पुरेशी तापली की सळईचे टोक टेकवताच पितळ त्या फटीत ओढले जाते, अगदी वरच्या दिशेलासुद्धा. हे केशाकर्षण. काचेच्या दोन पट्ट्या एका कडेला चिकटवून व दुसऱ्या कडेला काडी अडकवून रंगीत पाण्यात उभ्या करा. जिथे फट अरुंद तिथे पाणी उंच चढलेले मुलांना दिसेल. फट रुंद झाली तर डाख का फसतो, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

पडवीत तापमापक नाही. काका रंगावरून ओळखतात, म्हणून ज्योतीचे काम उजेडात करत नाहीत. दुसरी खूण धुराची. शुद्ध जस्ताचा उत्कलनांक ९०७ अंश आहे. पितळेत ते थोडे उशिरा उडते, पण उष्णता जरा पुढे गेली की पांढरा धूर निघू लागतो. हा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडीताप भरतो. त्यामुळे दारे-खिडक्या उघड्या हव्यात. ऑक्सिजनच्या झडपेला तेलाचा हातही लागता कामा नये, आणि ॲसिटिलीनचे नळकांडे आडवे ठेवायचे नाही. हे काम शाळेत करून पाहण्याचे नव्हे, हे मी स्पष्टच लिहितो.

डाखाने नळी मऊ होत नाही असे मात्र नाही. पण उष्णता पसरट असते, नळी सावकाश निवते आणि लगची कड कानशीने निमुळती केलेली असल्याने ताण एका रेषेवर साचत नाही. यावर आणखी एक तोड इंग्लंडमध्ये १८९७ साली रेनॉल्ड्स यांच्या पेटंटातून आली: नळी बाहेरून सारखीच, पण आतून टोकांना जाड आणि मधे पातळ. टोकाला ०.९ मि.मी. आणि मधे ०.६ मि.मी. अशी नळी आज सहज मिळते. धातू नेमका जिथे हवा तिथेच.

इतकी पातळ नळी वजन पेलते कशी? वजन तेवढेच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर भिंतीची जाडी निम्मी होते, पण वाकण्याला होणारा विरोध सुमारे चौपट होतो. कागदाची एक गुंडाळी पेन्सिलएवढी, दुसरी मनगटाएवढी करून दोन पुस्तकांवर आडव्या ठेवा आणि मधे वजन टांगा. फारच रुंद केलेली गुंडाळी चेपून बसते. नळीच्या जाडीला खालची मर्यादा असते ती त्यामुळेच. आणि महाग पोलाद जास्त ताठ असते हा गैरसमज आहे. ताठपणा सगळ्या पोलादांचा जवळजवळ सारखाच. महाग पोलाद अधिक ताण सोसते, म्हणून ते पातळ वापरता येते, एवढेच.

गणिताच्या शिक्षकांसाठीही इथे खाऊ आहे. नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसायचे तर ते माशाच्या उघड्या तोंडासारखे कापावे लागते. सारख्या जाडीच्या दोन नळ्या काटकोनात जोडायच्या असतील, तर कापाची रेषा कागदावर उलगडल्यावर चक्क साइनचा आलेख मिळतो, फक्त त्याचे खालचे अर्धे भाग वर उलटलेले. काका आलेख काढत नाहीत. अर्धगोल कानस घेऊन ते तासभर घासतात आणि मधूनमधून नळ्या उजेडासमोर धरून पाहतात.

सांगाडा सरळ आहे की नाही हे दोऱ्याने कळते. मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरा हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत ताणून बांधायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे. आपली सायकलही अशी तपासता येते. माझ्या सायकलमध्ये तीन मिलिमीटरचा फरक निघाला. लादीवर ठेवून काकांनी तो आधी काढला, मग तडकलेली नळी कापून नवी बसवली.

डाख देण्यापूर्वी त्यांनी नळ्यांच्या तोंडांशी बारीक भोके पाडली होती. बंद नळीतली हवा २७ अंशांवरून ९०० अंशांवर नेली तर दाब जवळजवळ चौपट होतो, आणि वितळलेले पितळ फटीतून बाहेर ढकलले जाते. काम संपल्यावर त्याच भोकांतून जवसाचे तेल आत सोडून सांगाडा चहूबाजूंनी फिरवला. ते सुकून आत पातळ पापुद्रा धरते आणि गंजाला अटकाव करते. पेडलच्या कवचाखालचे एक भोक मात्र मुद्दाम उघडे ठेवले. पहिल्या पावसात भिजून घरी आलो, तेव्हा त्यातून चांगले अर्धी वाटी पाणी गळले.